धावपट्टीचं फाटक

हेल्सी, ऑर्कनी
मंगळवार, १४ जानेवारी

प्रिय धाकटे,

नाताळानंतरचं तुझं पत्र पोचलं. एर्लंडने ते न उघडताच गुरांच्या खात्याच्या कागदांत ठेवून दिलं होतं. त्याला तरी काय दोष द्यायचा? टाइप केलेला पत्ता, आत टाइप केलेलं पत्र. एकोणतीस वर्षं तू हाताने लिहितेस. तुझं अक्षर बघूनच त्याला कळतं की आता बायको तासभर कामाची नाही. यंदा सरकारी नोटीसच आली म्हणायची.

इथे चार दिवस वादळ होतं. ना बोट, ना विमान. विल्माच्या दुकानातला पाव संपला, मग मी जवाच्या बॅनक-भाकऱ्या भाजल्या आणि निम्म्या बेटाला वाटल्या. पाचव्या दिवशी विमान आलं आणि माझी शोभा झाली. तुला माहीत आहे माझी ड्युटी. गवताच्या पट्टीवरून गाडी फिरवायची, रानहंस उडवायचे, कुरणाचं फाटक लावायचं, वायरलेसवर वारा सांगायचा आणि विमान उतरेपर्यंत आगीच्या बंबाजवळ उभं राहायचं. सगळं केलं. 'पट्टी मोकळी आहे' म्हणून सांगितलं. विमान खाली आलं तर पट्टीच्या मधोमध डेवी फ्लेटची तांबडी गाय. कर्कवॉलचं तिकीट काढल्यासारखी उभी. पायलटने पुन्हा एक चक्कर मारली. गंमत म्हणजे डेवी त्याच विमानात होता. दाढ काढायला गेलेला, तो वादळात तिकडेच अडकला होता. सुजलेला गाल धरून त्याने वरून स्वतःची गाय पाहिली. उतरल्यावर पायलट मला म्हणाला, "मेरन, तिचा नंबर माझ्या आधी होता का?" अजून सगळं बेट हसतंय.

फाटक मी लावलं होतं. वाऱ्याने उघडलं असणार.

आपल्या मेंढ्याने पाद्रीबाईंची लोकरी टोपी खाल्ली, ते तुला सांगितलं का? त्या शेडमध्ये वाकून कोकरू बघत होत्या आणि हा मागून आला. टोपी गेली ती गेली, वर त्या म्हणाल्या, "देवाने मला उन्हाळ्याची आठवण करून दिली." मी हसून हसून चारा पाडला.

एर्लंडचा स्वेटर विणतेय. एक बाही जरा लांब झालीय, गुडघ्यापर्यंत. तो म्हणतो, एका हाताने उभ्या उभ्या कोंबड्यांना दाणे टाकता येतील.

तब्येत ठीक. एमएसचा, त्या मज्जातंतूंच्या दुखण्याचा, शेवटचा अटॅक येऊन सात वर्षं झाली. मे महिन्यात डॉक्टरबाई कर्कवॉलला येतील तेव्हा पाच मिनिटांत सुटका.

तुझी,
मेरन

एडिंबरा
२३ जानेवारी

प्रिय मेरन,

टाइपचं मनावर घेऊ नकोस. मेंदूपेढीत जेवणाच्या सुट्टीत लिहिते, समोर कॉम्प्युटर असतो, वेळ वाचतो.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. फोन करणार होते, पण फोनवर तू "ठीक आहे" म्हणतेस आणि एर्लंडच्या हातात देतेस. कागदावर मात्र बोलतेस. म्हणून कागदावरच विचारते. रागावू नकोस.

मी इथे दिवसभर काय बघते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला एमएस आहे, तुला काय सांगायचं, असं वाटायचं. लोकांनी मरणानंतर दान केलेले मेंदू आमच्याकडे येतात. नाव नसतं, आकडा असतो. त्यांचे केसाहून बारीक काप काढून काचेवर ठेवायचे आणि निळा रंग द्यायचा. मेंदूतल्या तंतूंवर तारेवरच्या रबरासारखं आवरण असतं, ते निळं होतं. एमएसने जिथे आवरण खाल्लं तिथे रंग धरत नाही. निळ्यात फिकट बेटं राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विमानातून दिसणारं आपलं ऑर्कनी आठवलं.

जुनी बेटं बहुतेक शांत असतात. मला भीती वाटते ती काही थोड्यांची. त्यांच्या कडेला पेशींची एक ओळ ठाण मांडून बसलेली असते आणि कड वर्षानुवर्षं तसूतसूने पुढे सरकते. तू चुलीतल्या पीटच्या जळणावर राख ओढून ठेवतेस ना, तसं. वरून विझलेलं, आत धग. अशा माणसांच्या कागदांवर लिहिलेलं असतं : दहा वर्षं अटॅक नाही, रोग स्थिर. आणि मेंदू हातात घेतला की वयाच्या मानाने हलका लागतो.

मेंदू फार सोशिक असतो, मेरन. एक वाट बंद पडली की तो शेजारच्या वाटेने काम काढून घेतो. माणसाला पत्ताही लागत नाही. शेजारच्या वाटा संपल्या की मग कळतं.

काल मी तुझी दोन वर्षांची पत्रं टेबलावर ओळीने मांडली. मेंढ्याने टोपी खाल्ल्याची गोष्ट तीनदा आहे. तिन्ही वेळा "सांगितलं का?" असं विचारून. पूर्वी तू बोलता बोलता, सुयांकडे न बघता विणायचीस, तुझी एक ओळ चुकायची नाही. आणि ते फाटक वाऱ्याने उघडत नाही. त्याची कडी उचलायला आपण दोघी लागायचो.

मे महिन्यात डॉक्टरबाई विचारतील, "कशी आहेस?" तू म्हणशील, "ठीक." आपल्याकडे पाय मोडला तरी माणूस ठीक असतो. त्या ॲबर्डीनहून येतात, त्यांना ते खरं वाटतं. माझ्या आईने, तुझ्या मावशीने, हेच केलं. काठी आली, खुर्ची आली, आणि शेवटपर्यंत "पाय जरा जड आहेत" एवढंच. या वेळी खरं सांगशील का? नवा स्कॅन करायला सांग. अटॅक नसतानाही आत काय चाललंय ते आता बघता येतं. गेलेलं परत येणार नाही, पण पुढे सरकणारी कड थांबवायची असेल तर आधी ती कोणाला तरी दिसायला हवी.

तुझी,
ऑस्ला

हेल्सी
२ फेब्रुवारी

ऑस्ला,

कडीला गेल्या उन्हाळ्यात एर्लंडने तेल दिलं. ती आता एका बोटाने उचलली जाते. तीन वर्षांत इथे आली असतीस तर तुला कळलं असतं.

मेंढ्याची गोष्ट तीनदा सांगितली, कारण तू एकदाही हसली नाहीस. मावशी होती तोवर अशी एक गोष्ट आपल्याला आठवडाभर पुरायची. आता तू मोजतेस.

मी तुला पत्रं लिहिते ती बहिणीला लिहिते. तू ती वाचत नाहीस, त्यांचे काप करून काचेवर ठेवतेस. रंग देऊन बघतेस कुठे फिकट पडलंय. अजून जिवंत आहे मी. माझा मेंदू हलका आहे की जड ते माझ्या डोक्यात असेपर्यंत तुला कळायचं कारण नाही.

कोकरं यायला लागतील. पुढे लिहायला वेळ होणार नाही.

मेरन

एडिंबरा
रविवार, ९ फेब्रुवारी

मेरन,

तू म्हणतेस ते खरं आहे. मांडली मी पत्रं, आणि ती मांडताना मला लाज वाटली, तरी मांडली. ती गोष्ट वाचून पहिल्यांदा मी हसले होते, ते लिहायचं राहिलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा हसू आलं नाही, भीती वाटली.

काहीही लिही. शिव्या दे.

ऑस्ला

एडिंबरा
६ मार्च

मेरन,

काल फोन केला होता. एर्लंड म्हणाला, "बरी आहे, कोकरांकडे आहे." मागे नळाचा आवाज येत होता आणि कोणीतरी भांडी घासत होतं. तो एकटाच आहे म्हणाला.

मी रोज हेल्सीची हवा बघते. वारा वाढला की वाटतं, आज तिचं विमान आहे का?

एकच ओळ लिही.

ऑस्ला

हेल्सी
२८ मार्च

प्रिय धाकटे,

भांडी मीच घासत होते. फोन घ्यायचा नव्हता.

आता जे लिहिते ते मी अजून एर्लंडलाही नीट सांगितलेलं नाही. मंगळवारी तो रात्रभर मेंढ्यांत जागून झोपला होता. त्याची झोपमोड नको म्हणून मी विमानासाठी अर्धा तास आधीच निघाले. पट्टीशी पोचले तर फाटकापाशी डेवी फ्लेट. कडी लावत होता. लावली, हलवून बघितली, मागे वळला तर समोर मी.

म्हटलं, "काय रे डेवी?"

म्हणाला, "मेंढी शोधत होतो."

ऑस्ला, डेवीकडे मेंढ्या नाहीत. त्याच्या बापाकडेही नव्हत्या.

दोघं उभे राहून विमान बघत राहिलो. ते येऊन गेलं. मग मी विचारलं, "गाय आली होती तेव्हापासून का?" तो बुटाने गवत उकरत बसला. शेवटी म्हणाला, "नाही गं. त्याआधीचे दोन हिवाळे. त्या दिवशी मी दाढेपायी अडकलो म्हणून."

घरी जायच्याऐवजी मी सरळ विल्माकडे गेले. काउंटरवर हात ठेवून विचारलं, "माझ्यासाठी तू काय काय करतेस?" ती आधी म्हणाली, "चहा घे." मी म्हटलं, चहा नको, उत्तर दे. मग हळूहळू एकेक सांगायला लागली. मी पिठासाठी येते आणि पीठ न घेता जाते, तर ती ते संध्याकाळी एर्लंडच्या गाडीत ठेवते. एकाच दिवशी दोनदा आले तर पहिल्यांदाच आल्यासारखी बोलते. एर्लंडच्या स्वेटरची बाही तिने उसवून पुन्हा विणली. मी ती आपली म्हणून मिरवली, हे तिने सांगितलं नाही, मला आठवलं.

तू लिहिलं होतंस, एक वाट बंद पडली की मेंदू शेजारच्या वाटेने काम काढून घेतो. तेव्हा चिडून पत्र फेकलं होतं. परवा चुलीमागून काढून पुन्हा वाचलं. माझी शेजारची वाट म्हणजे डेवी फ्लेट, कान झाकणारी टोपी घालून. सगळं बेट मिळून मला सांभाळत होतं आणि म्हणून मी ठीक होते. डॉक्टरबाईंना मी खोटं सांगितलं नाही गं. मला खरंच ठीक वाटत होतं.

त्या दिवसापासून कशावरच विश्वास बसत नाही. चूल बंद केली का ते चारदा बघते. कोणी गोड बोललं की वाटतं, मी आत्ता काय विसरले? सगळ्यात भीती याची वाटते की हे कळलेलंही मी विसरेन. म्हणून तुला लिहून ठेवतेय. मी विसरले तर तू मला सांग. या वेळी चिडले तरी सांग.

मेरन

एडिंबरा
४ एप्रिल

प्रिय मेरन,

पत्र वाचलं आणि कोट न घालताच खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले. डेवीला मेंढी सापडली का विचारलंय म्हणून सांग.

घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही. मीही घाबरलेय. पण ऐक. ज्याला आपलं काय जातंय ते असं ओळीने लिहिता येतं, त्याच्याकडे अजून पुष्कळ शिल्लक असतं. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, रोज बघते म्हणून म्हणते.

मे महिन्यात जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस. एर्लंडला ने. तोही "ठीक" म्हणणाऱ्यांतलाच आहे, म्हणून आधी लिहून काढा दोघं. डॉक्टरांसमोर बसलं की आपल्या माणसांची जीभ टाळ्याला चिकटते.

मला इकडे काही नवीन नाही. काम चालू आहे. मी ठीक.

ऑस्ला

हेल्सी
१७ मे

प्रिय धाकटे,

बुधवारी जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण त्या दिवशी घडलेलं मला टिकवायचंय.

तू लिहून काढा म्हणालीस. मी आणि एर्लंड तीन संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि चार ओळींपुढे जाईना. मला आठवत नव्हतं आणि त्याला बोलवत नव्हतं. मग मी विल्माकडे गेले आणि म्हटलं, तुझ्या काउंटरवर एक कागद ठेव. हॉलमधल्या नाचाला कोण केक आणणार ते लिहायला ठेवतेस तसा. वर माझं नाव घाल आणि जे कोणी माझ्यासाठी काही करत असेल त्याने लिहावं. ती म्हणाली, "असं कसं, मेरन? लोकांना अवघड वाटेल." मी म्हटलं, मला किती अवघड वाटतंय ते बघ, आणि ठेव.

दोन दिवस कागद कोराच होता. तिसऱ्या दिवशी डेवीने लिहिलं, 'फाटक लावतो.' त्याच्याखाली मग रांगच लागली. शनिवारपर्यंत एकतीस ओळी झाल्या. कागद पुरला नाही, म्हणून विल्माने पशुखाद्याच्या पिशवीचा तुकडा चिकटवला. 'तिच्या गाडीचे दिवे बंद करतो.' 'रविवार आहे म्हणून तिला आदल्या दिवशी सांगतो.' 'माझं नाव आठवेना की मी आपणच माझं नाव घेऊन बोलते.' पाद्रीबाईंनी लिहिलं होतं, 'टोपीची गोष्ट दर वेळी नव्याने ऐकते. गोष्ट चांगली आहे.' एर्लंडने सगळ्यात शेवटी, सगळ्यांखाली लिहिलं, 'पायऱ्या उतरताना तिच्या पुढे चालतो.' लग्नाची अठरा वर्षं मला वाटायचं, या माणसाला घाईच फार.

आत गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय मेरन, कशी आहेस?" तोंडातून काय निघालं सांगू? "ठीक." आपोआप. एर्लंडने मानही डोलावली. मग मी तो लांबलचक कागद काढून त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी सगळं वाचलं. वर बघितलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणाल्या, "मी तुला सहा वर्षं तपासतेय आणि हे मला आज कळतंय." मी म्हटलं, मला मार्चमध्ये कळलं.

पाऊण तास बसवून घेतलं. बोटं नाकाला, आकडे उलटे, सरळ रेषेत चालणं. जूनमध्ये ॲबर्डीनला स्कॅन, सात वर्षांपूर्वीच्या स्कॅनशेजारी ठेवून बघणार. तू म्हणतेस ती सरकणारी कड आहे का, तेच शोधायचंय त्यांना. नवं औषध लागू पडेल की नाही ते आत्ता सांगत नाहीत, आणि मीही विचारलं नाही. विमानाचं काम मात्र त्यांनी सांगायच्या आधीच मी सोडलंय. वायरलेस आता डेवीकडे. मी बंबाजवळ उभी राहते, कारण वारा बघून ओळखायला त्याला जन्मात जमणार नाही. मी सांगते, तो बोलतो. पहिल्या दिवशी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी कमी.

आता तुझ्याबद्दल.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का? म्हटलं, मावशीचे पाय जड होते. बहीण एक आहे, मावसबहीण, ती ठीक आहे. आणि 'ठीक' हा शब्द तोंडातून बाहेर पडला तशी मी थांबले.

येताना बोटीत तुझी पत्रं बरोबर होती. मीही मांडली मग, मांडीवर. नाताळापासून सगळी टाइप केलेली. जेवणाच्या सुट्टीत लिहितेस म्हणालीस. नऊ फेब्रुवारीला रविवार होता, ऑस्ला, तूच वर लिहिलायस. रविवारी तुमची पेढी बंद असते. खाली नुसती सही पेनाची, आणि ती दर पत्रात थोडी थोडी खाली घसरत गेलीय. पूर्वी दर पत्रात लिहायचीस की तुझ्याइतका बारीक काप कोणाला जमत नाही. जानेवारीपासून 'बघते' म्हणतेस. 'कापते' कुठेच नाही.

माझा मेंदू कसाही असो, एवढं मला वाचता येतं.

तुझं फाटक कोण लावतंय?

हाताने लिही. अक्षर कसंही येऊ दे. मी कोणाला दाखवणार नाही.

तुझी,
मेरन

एडिंबरा
२४ मे

मेरन,

काइल. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. नोव्हेंबरपासून माझे काप तोच काढतो. मी त्याला सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. सकाळी आले की तयार असतात.

उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या, जोर नाही. आता पायालाही.

सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. काइल बरोबर येतोय. एवढ्या ओळी लिहायला एक तास लागला.

ठीक नाही, मेरन.

ऑस्ला